चासी तीच, बॉडी नवी

गेल्या गणपतीत महाडला मामाकडे होतो. आरती झाली, मोदक झाले, पाहुणे पांगले, आणि इतका वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला माझा मामेभाऊ हळूच जवळ सरकला. वय सतरा, इयत्ता बारावी. "दादा, तुझं अप्रेझल झालं ना रे?" असं त्याने विचारलं तेव्हाच ही गाडी कुठल्या स्टँडला लागणार ते मला कळलं.

त्याला पीएस फाइव्ह हवा होता. घरात पीएस फोर आहे आणि तो चालतो. पण लोडिंगला वेळ लागतो, नवे मोठे गेम आता त्यावर येत नाहीत, मित्र पुढे गेले. मामा पेपर वाचत होता. चष्म्यावरून बघत तो एवढंच म्हणाला, "आहे त्याला काय झालंय?"

"जुना झालाय, पप्पा."

मी गप्प बसलो. कारण या दोन शब्दांवर माझा पगार निघतो. मी पुण्यात मोबाईल अ‍ॅप बनवायचं काम करतो. दर दोन-तीन आठवड्यांनी आमची नवी आवृत्ती निघते, आणि आधीची कालपर्यंत उत्तम असलेली आवृत्ती त्या दिवशी 'जुनी' होते. त्यामुळे हा प्रश्न विचारायला घरात माझ्याइतका योग्य माणूस नव्हता, आणि माझ्याइतका अयोग्यही नव्हता. मी त्याला म्हटलं, विचार करून सांगतो. तो विचार जरा लांबला.

आधी पैशाचं उरकून टाकू. पीएस फाइव्ह २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती ५४,९९० झाली. म्हणजे वय वाढलं तशी किंमतही वाढली, जे फोनच्या बाबतीत सहसा होत नाही. मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कन्सोलची 'प्रो' आवृत्ती निघाली तेव्हा ती भारतात विकायलाच आली नाही, कारण तिचं वायफाय ज्या सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं त्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मी कुठे प्रो मागतोय?" मागणाऱ्याची ही जुनी युक्ती आहे, मीही वापरलेली.

पण मला अडकवलं ते पैशाने नाही. पीएस फाइव्हवर त्याला जे खेळायचं होतं त्याच्या यादीत सगळ्यात वर 'द लास्ट ऑफ अस' होता. हा गेम पहिल्यांदा आला २०१३ मध्ये, पीएस थ्रीवर. २०१४ मध्ये तोच घासूनपुसून पीएस फोरवर आला. २०२२ मध्ये तोच पुन्हा नव्याने बांधून पीएस फाइव्हवर. नऊ वर्षांत तीनदा. तीच गोष्ट, तोच बाप, तीच पोरगी, तोच शेवट. आणि पीएस फोरवरचा त्याने दोनदा संपवलाय.

हे मी पोलादपूरला घरी बाबांना सांगत होतो. बाबा एसटीच्या महाड आगारात मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना गेममधलं काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "म्हणजे चासी तीच, बॉडी नवी."

एसटीत हे नेहमीचं. गाडीचा पत्रा, सीटा, खिडक्या खिळखिळ्या होतात, पण चासी आणि इंजिनात अजून जीव असतो. अशा गाड्यांवर महामंडळाच्या वर्कशॉपमध्ये नवी बॉडी चढवतात. अलीकडे अ‍ॅल्युमिनियमऐवजी पोलादी बॉडी चढवायला लागले, कारण अपघातात ती जास्त टिकते. बाबांच्या मते यात काही फसवणूक नाही, फक्त गाडीला 'नवीन' म्हणू नये. "आणि ड्रायव्हरला आधी चालवायला द्यावी," ते म्हणाले. "बॉडीचं वजन बदललं की गाडी वळणावर वेगळी वागते. कागदावर तीच असते, घाटात नसते."

गेमच्या जगात ज्याला रिमास्टर म्हणतात ती ही नवी बॉडी. रिमेक म्हणजे चासीसकट सगळंच नवं, फक्त पाटी जुनी. आणि 'घाटात वेगळी वागते' याला आमच्याकडे शब्द नाही, पण ज्याने एकच गेम शंभर तास खेळलाय त्याला तो अर्थ बरोबर कळतो.

माझा तो गेम म्हणजे 'व्हाइस सिटी'. मूळ गेम २००२ चा. महाडच्या एका सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन, एका खुर्चीवर दोघं बसून आम्ही तो खेळलो. सीडी कुठून आली होती हे विचारू नका. मिशन वगैरे आम्हाला इंग्रजीमुळे फारशी कळत नसत. गाडी घ्यायची, रेडिओ लावायचा, समुद्राकाठच्या रस्त्याने जात राहायचं. मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रेडिओवर ऐकलं. इकडे खिडकीबाहेर महाडचा पाऊस, आणि पडद्यावर गुलाबी संध्याकाळ.

११ नोव्हेंबर २०२१ ला रॉकस्टारने या मालिकेतल्या तीन जुन्या गेमची मिळून 'डेफिनिटिव्ह एडिशन' काढली. डेफिनिटिव्ह, म्हणजे हीच खरी, शेवटची, प्रमाण आवृत्ती. त्या निमित्ताने जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकल्या. मी पहिल्या आठवड्यात ती घेतली. पाऊस असा पडत होता की समोरचा रस्ता दिसेना, पांढऱ्या सुया नुसत्या. माणसांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे. रेडिओवर 'बिली जीन' नव्हतं, परवान्याच्या भानगडींमुळे गाणी गळली होती. आधी दूरवर धुकं असायचं. ते मुळात जुन्या यंत्राला लांबचं शहर एकदम काढता येत नसे म्हणून घातलेलं, पण त्या धुक्यामुळेच शहर अफाट वाटायचं. ते विरळ केल्यावर कळलं की एवढंसंच तर आहे.

त्यातली एक चूक मला आजही विसरता येत नाही. एका डोनटच्या दुकानाचं नाव आहे 'टफ नट'. पाटीवर मोठा नट, बोल्टवर बसतो तो. शब्दावर केलेला विनोद. जुन्या गेममध्ये तो षटकोनी होता, नटासारखा. नव्यात कोपरे गुळगुळीत होऊन तो गोल झाला. जुने कोनदार आकार दिसले की गोल करा, एवढंच कुणाला तरी किंवा कशाला तरी माहीत असावं. जुन्या यंत्राची मर्यादा म्हणून आलेला कोपरा कुठला आणि मुद्दाम ठेवलेला कोपरा कुठला, हे ओळखायला ती वस्तू काय आहे हे कळावं लागतं. आठवड्याभरात कंपनीने माफी मागितली आणि पीसीवर जुन्या आवृत्त्या परत विकायला ठेवू असं जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल, तुला तुझं बालपण हवंय, गेम नकोय. असेल. महाड-पोलादपूरचा माणूस 'जुनं ते सोनं' इतक्या सहज म्हणू शकत नाही, त्याचं कारण सांगतो.

मी लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा घरून जाताना पोलादपूर ते महाड मध्ये सावित्री ओलांडावी लागे. तिथे दोन पूल होते. एक नवा, एक इंग्रजांच्या काळातला दगडी. मुंबईच्या दिशेने जाणारी वाहतूक दगडी पुलावरून जायची. बाबा आगारात ड्युटीला त्यावरूनच जायचे, मी कॉलेजला त्यावरूनच. दिसायला देखणा होता. आम्हाला त्याचं कौतुकही होतं; नवा पूल बघा आणि हा बघा, असं लोक म्हणायचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, तो वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या अंधारात त्या जागी आल्या आणि पूल आहे असं समजून पुढे गेल्या. बाबा नंतर बरेच दिवस जेवताना मध्येच थांबायचे. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. त्यावरून पहिल्यांदा जाताना, जुना किती सुंदर होता, असं बसमधल्या एकाही माणसाने म्हटलं नाही.

म्हणून 'नवं कशाला' हा मामाचा प्रश्न मला पुरत नाही. काही गोष्टी बदलायलाच हव्यात, आणि वेळेत.

पण पूल थकतो. त्यावर भार असतो, पाणी दगड खातं. गेम थकत नाही. १९८७ च्या 'काँट्रा'ला पाण्याने काही होत नाही, हे मी अगदी शब्दशः सांगतोय.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मामाने महाडच्या बाजारातून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता. पिवळ्या कॅसेटवाला. कॅसेटवर लिहिलेलं 'नऊ लाख नव्याण्णव हजार गेम', आत असायचे पंधरा-वीस, तेच फिरून फिरून. मे महिन्याच्या सुट्टीत मामा दुकान बंद करून रात्री जेवला की आम्ही दोघं काँट्रा खेळायचो. तो निळा, मी लाल. मामाचं टायमिंग जबरदस्त. धबधब्याच्या पायरीवर वर चढताना मी मागे राहिलो की पडदा वर सरकायचा आणि मी मरायचो, आणि मामा म्हणायचा, "मी थांबत नाय हां." तीस जीव मिळवायची बटणांची ती प्रसिद्ध कळ त्याला माहीत होती, पण तो ती वापरू द्यायचा नाही.

२२ जुलै २०२१ ला महाडात पूर आला. सावित्री आणि गांधारी दोन्ही शहरात शिरल्या. मामाचं घर तळमजल्यावर. ती रात्र त्यांनी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे काढली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यामुळे सामानाचं दुःख घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. चिखल उपसला तेव्हा त्यात टीव्ही, फ्रिज, मामेभावाचा पहिला पीएस फोर, आणि माळ्यावरून खाली आलेल्या ट्रंकेत तो व्हिडिओ गेम. पीएस फोर संपला होता. व्हिडिओ गेम बाबा घरी घेऊन गेले. पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने कार्ब्युरेटर साफ करतात तसा साफ केला, चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. कॅसेटच्या आत असतं काय, एक छोटा बोर्ड आणि काळ्या डांबरी थेंबाखाली बंद केलेली चिप. आमच्या जुन्या डबा टीव्हीवर लावला. चालला.

मग मामाकडे नवा टीव्ही आल्यावर तो महाडला नेला. टीव्हीच्या मागे हात घालून बघितलं तर पिवळी-पांढरी-लाल पिन लावायची भोकंच नाहीत. पुरातून वाचलेला गेम टीव्हीच्या नव्या आवृत्तीने बंद पाडला. तो पुन्हा ट्रंकेत गेला.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या वर्षी मी मामेभावाला दुसरा सेकंड हँड पीएस फोर आणून दिला. त्याने लॉग इन केलं आणि विकत घेतलेले सगळे गेम एकेक करून परत उतरले. चिखलाने त्यांना शिवलंही नव्हतं. गेला तो फक्त त्याचा खेळ, कारण सेव्ह क्लाउडवर ठेवायला वर्गणी लागते आणि ती आम्ही भरली नव्हती. पुरात भिजणारी वस्तू आणि कंपनीच्या मर्जीवर जगणारी वस्तू यांतली कुठली जास्त 'आपली', हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन डिस्क घेतलेल्या माणसाच्या हातात डिस्क राहिली, गेम राहिला नाही. त्यावरून युरोपात जी मोहीम उभी राहिली तिला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून सांगितलं, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत. हे गेम कुणी वाईट म्हणून नाकारलेले नाहीत. त्यांना चालवणारं यंत्र काढून घेतलं गेलं, एवढंच.

आणि हे मी करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने ठरवलं, की अमुक एका अँड्रॉइडच्या खालच्या फोनवर आपलं अ‍ॅप चालवायचं नाही. ते वापरणारे अगदी थोडे होते. मीटिंगमध्ये मीच तक्ता दाखवला. कारणं खोटी नव्हती: जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, पैशाचा व्यवहार आहे, धोका असतो. पण खरं सांगायचं तर अर्धं कारण एवढंच होतं, की त्या फोनवर टेस्टिंग करणं आम्हाला कंटाळवाणं होतं. महिन्याभराने बाबांचा फोन आला. लाईट बिल भरताना 'अपडेट करा' असं येतंय, आणि अपडेट केलं तर 'तुमच्या फोनवर चालणार नाही' असं येतंय.

"तू बंद केलंस का रे?"

"आमच्या टीमने केलं, बाबा."

"म्हणजे तूच की."

दोन महिने ते बिल भरायला रांगेत उभे राहिले. मला सांगितलंही नाही, आईकडून कळलं. मग मी त्यांना नवा फोन दिला. तो त्यांना आवडतो. अक्षरं मोठी दिसतात म्हणाले. पण मीटिंगमध्ये मी पुलाचं कारण पुढे केलं होतं आणि मनात सायबर कॅफेचा हिशेब होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तर नवी आवृत्ती कधी घेण्यासारखी? मला उत्तर सापडलं ते जरा अनपेक्षित जागी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढणारी मुलगी, हातात त्रिशूळ, मागे राजवाडे. मामेभाऊ तो खेळायचा तेव्हा शेजारी बसलेली आजी पाच मिनिटांत पेंगायची, कारण बोलणं सगळं इंग्रजीत. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. चित्रं सुधारली, लढाई सुधारली, ते ठीक. पण त्यात हिंदी बोलणं आलं. त्या दिवशी आजी पेंगली नाही. "तो बघ, मागून येतोय मेला," असं ओरडत शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "त्या पोरीचा भाऊ सापडला का?" 'लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या आवृत्तीतही, मला चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपेक्षा मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट: मधल्या दृश्यांचं वर्णन आवाजात ऐकवायची सोय. ज्याला दिसत नाही तोही आता त्या खोलीत बसू शकतो. त्याच्यासाठी ती तिसरी आवृत्ती नाही, पहिलीच आहे.

आजीवरून आठवलं. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळे गड तिने कित्येक वर्षं महाडहून नुसता दिशेने दाखवला होता. पुराच्या दोन वर्षं आधी आम्ही तिला हिरकणीवाडीतून रोपवेने वर नेलं. आम्ही पोरं पायऱ्यांनी चढून घामाघूम होऊन पोचलो, तर ही निवांत बसलेली. आम्ही म्हटलं, "आजी, ही चीटिंग आहे." ती म्हणाली, "मी वर आले तर तुमच्या पायऱ्या कमी झाल्या का?"

मी बराच काळ या प्रश्नाकडे 'नवं किती चांगलं' असंच बघत होतो: किती फ्रेम, किती पिक्सेल, किती सेकंदात लोड. आता मी दोनच गोष्टी बघतो. आधी वर येऊ न शकणारं कुणी आता येतंय का, आणि आधीच्या पायऱ्या जागेवर आहेत का. पीएस फाइव्हवर पीएस फोरचे बहुतेक सगळे गेम चालतात. तिथपर्यंत पायऱ्या आहेत. पीएस थ्रीची डिस्क मात्र त्यावर चालत नाही.

मामेभावाला मी सांगितलं: बारावी होऊ दे, अर्धे पैसे मी देतो, अर्धे तू जमव. तुला लोडिंग लवकर हवंय, मित्रांबरोबर खेळायचंय, ही मला पुरेशी कारणं वाटतात. मजेसाठी घेतलेल्या वस्तूला मजेपेक्षा मोठं कारण लागत नाही. 'लास्ट ऑफ अस' तिसऱ्यांदा घ्यायला मात्र पैसे देणार नाही. आणि एक अट. दुकानदार एक्स्चेंजमध्ये पीएस फोर मागेल, तो द्यायचा नाही. तो घरात राहणार. तो जरा कुरकुरला, कारण एक्स्चेंजचे पैसे त्याने आपल्या अर्ध्यात धरले होते.

दिवाळीत जाताना मी एक छोटी डबी घेऊन गेलो. एका बाजूला पिवळी-पांढरी-लाल भोकं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. पाच-सहाशे रुपयांना मिळते. ट्रंक काढली, कॅसेटमध्ये सवयीने फुंकर मारली, आणि बेचाळीस इंची टीव्हीवर विटेएवढ्या पिक्सेलचं जंगल उभं राहिलं. मामाने पेपर बाजूला ठेवला. मामेभाऊ दारात उभा राहून हसत होता.

पहिल्या मिनिटात मामा तीनदा मेला. या डब्या चित्र बदलताना किंचित वेळ खातात, बटण दाबल्यावर माणूस जरासा उशिरा उडी मारतो. मला ते लगेच कळलं. मामाने रिमोटकडे बघितलं, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

"मलाच जमत नाय, की हा बदललाय?"

मी त्याला डबीबद्दल सांगायला लागलो, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब, थांब. आधी दाबायचं. कळलं." आणि धबधब्यापर्यंत गेला. मी मागे राहिलो.